डिसूझा, नेव्हिल

(३ ऑक्टोबर १९३२–१७ मार्च १९८०). भारताचा विख्यात फुटबॉलपटू. मुंबईच्या फुटबॉलक्षेत्रात नावारूपास आलेला मध्य आघाडीचा खेळाडू व ऑलिंपिक क्रीडासामन्यांत फुटबॉलच्या एकाच सामन्यात तीन गोल, म्हणजे हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने एकूण चार गोल केले आणि यूगोस्लाव्हियाचा टोडोर व्हेसेलिनोव्हिच व बल्गेरियाचा दिमितर मिलानॉव्ह यांच्या बरोबरीने त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत स्थान मिळविले. भारताने १९४८, १९५२, १९५६ व १९६० अशा चार ऑलिंपिक स्पर्धांच्या अंतिम टप्प्यात फुटबॉलचे सामने खेळले. या सर्व सामन्यांत मिळून भारताचे दहा गोल झाले. त्यांपैकी चार एकट्या नेव्हिलचे आहेत आणि या सर्व सामन्यांत भारताला मैदानावर मिळालेला एकमेव विजय त्याच्याच हॅट्‌ट्रिकने साध्य झाला. एवढी कामगिरी नावावर असणारा हा खेळाडू आजच्या अर्थाने व्यावसायिक मात्र नव्हता. त्यामुळे त्याचे चरित्र हे एका खेळाडूचे चरित्र असून भारतीय फुटबॉलपटूच्या उपजीविकेच्या प्रश्नावरही प्रकाश टाकणारे आहे.

जन्म व पार्श्वभूमी : नेव्हिल स्टीफन डिसूझा याचा जन्म गोव्याच्या बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अंमलाखाली होता. गोव्यात फुटबॉलचा प्रवेश याच तालुक्यातून झाला. विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी १८८३ मध्ये शिवोली येथे मुलांना हा खेळ शिकविण्यास प्रारंभ केला, असे मानले जाते. पुढे चर्चशी संलग्न असलेल्या शाळांतून तो गावोगाव पसरला. भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या होणाऱ्या शेतांत व चर्चपुढील पटांगणांत तो खेळला जाऊ लागला आणि विसाव्या शतकात गोव्याच्या लोकजीवनाचा एक भाग बनला.

गोव्यात उद्योगधंदे थोडे असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील असंख्य कुटुंबे नोकरीच्या शोधात मुंबईस येत राहिली. जहाजे, रेल्वे, कचेऱ्या, शिक्षणसंस्था व वाद्यवृंद यांत त्यांना कामे मिळाली. धोबी तलाव, माझगाव, भायखळा, वांद्रे इ. भागांत गोवेकरांची वस्ती वाढली आणि गावागावांच्या नावाने ‘कूड’ म्हणून ओळखली जाणारी सामुदायिक निवासस्थाने उभी राहिली. या लोकांनी आपल्याबरोबर आणलेल्या आवडींत फुटबॉल व हॉकी हे खेळ अग्रस्थानी होते. मुंबईच्या फुटबॉलसंघांना गोमंतकीय खेळाडूंचा पुरवठा पुढे कित्येक दशके होत राहिला, त्याचे मूळ या स्थलांतरात आहे. नेव्हिल हा याच परंपरेतील खेळाडू होय. त्याचा भाऊ डेरेक डिसूझा हाही फुटबॉलपटू म्हणून प्रसिद्धीस आला.

मुंबईतील फुटबॉल : मुंबईस फुटबॉलची परंपरा जुनी आहे. १८९१ मध्ये तेथे रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. ड्यूरँड चषक (१८८८) व कलकत्त्याची ट्रेड्‌स चषक स्पर्धा (१८८९) यांच्या पाठोपाठ सुरू झालेली ही देशातील एक अत्यंत जुनी स्पर्धा होय. प्रारंभीची अनेक वर्षे या स्पर्धेवर ब्रिटिश पलटणींच्या संघांचे वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकून ते प्रथमच मोडून काढले. शहरातील संघांसाठी हारवुड साखळी स्पर्धा १९०२ पासून खेळली जात असे. १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही नियामक संस्था अस्तित्वात आली. दक्षिण मुंबईतील कूपरेज मैदान हे या सर्व घडामोडींचे केंद्र बनले. पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या या मैदानावर भिजत उभे राहून सामने पाहणारा एक जाणकार प्रेक्षकवर्ग मुंबईत तयार झाला होता.

१९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस या संघाने जिंकला. या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हेच राष्ट्रीय संघाचेही मार्गदर्शक होते. नेव्हिलची जडणघडण ज्या काळात झाली, त्या काळात देशातील सर्वांत शिस्तबद्ध संघाचा खेळ मुंबईकरांस दरवर्षी आपल्याच मैदानावर पाहावयास मिळत होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नोकरी व खेळ : नेव्हिल प्रथम टाटा स्पोर्ट्‌स क्लब व नंतर कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघाकडून खेळला. दोन्ही संघ उद्योगसंस्थांचे होते. कलकत्त्यात मोहन बागान, ईस्ट बेंगॉल, मोहमेडन स्पोर्टिंग यांसारखे सभासदांच्या वर्गणीवर व प्रेक्षकांच्या निष्ठेवर उभे राहिलेले मंडळ-संघ प्रबळ होते. मुंबईत मात्र स्वातंत्र्योत्तर काळात खेळाडूंचे मुख्य आश्रयस्थान कंपन्या, गिरण्या, रेल्वे, बँका व शासकीय खाती हे झाले. टाटा, कॅलटेक्स, बर्मा-शेल, मध्य व पश्चिम रेल्वे, मफतलाल, महिंद्र इत्यादींचे संघ कूपरेजवर खेळत. पुढे एअर इंडिया, ऑर्के मिल्स, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स इत्यादींची त्यांत भर पडली.

या व्यवस्थेचे स्वरूप साधे होते. चांगल्या खेळाडूस संस्थेत नोकरी दिली जाई. तो कारकून, कारागीर वा अन्य पदावर हजेरीपटावर असे. सरावासाठी त्याला दिवसाच्या कामातून काही वेळ मोकळा मिळे व स्पर्धांच्या वेळी रजा दिली जाई. खेळ संपल्यावरही नोकरी टिकत असल्याने निवृत्तिवेतन वा भविष्यनिर्वाह निधी यांचा आधार राही. खेळाबद्दल असे स्वतंत्र वेतन त्याला नसे. बढती मिळे ती कचेरीतील पदानुसार. गोलांची संख्या किंवा प्रेक्षकांची गर्दी यांचा त्याच्या मिळकतीशी थेट संबंध नसे. मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांतील मुलांना हा मार्ग सुरक्षित वाटे आणि त्यामुळेच अनेक गुणी खेळाडू फुटबॉलकडे टिकून राहिले. या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. दिवसाचा बराच भाग कामात गेल्याने शरीराची पूर्ण तयारी करण्यास पुरेसा वेळ मिळत नसे. शिवाय संघाचे अस्तित्व कंपनीच्या मर्जीवर व भरभराटीवर अवलंबून राही.

संतोष करंडक : राज्य संघटनांमधील राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी संतोष करंडक स्पर्धा १९४१ पासून खेळली जाते. पहिल्या तेरा वर्षांत या करंडकावर बंगालचे प्रभुत्व होते. मुंबई अंतिम फेरीपर्यंत जाई, परंतु विजय हुलकावणी देई. १९५४ च्या मोसमात मद्रास येथे झालेल्या स्पर्धेत मुंबईने अंतिम सामन्यात सेनादलाचा २–१ असा पराभव करून हा करंडक प्रथमच जिंकला. या विजयी संघात नेव्हिल होता. पुढे १९५६ व १९५७ या मोसमांतही मुंबईने अंतिम फेरी गाठली. पण दोन्ही वेळा रहीम यांनी घडविलेल्या हैदराबादपुढे तिला हार पत्करावी लागली. राज्यपुनर्रचनेनंतर महाराष्ट्र या नावाने या संघाने १९६३ च्या मोसमात पुन्हा करंडक मिळविला.

मध्य आघाडीचे स्थान : नेव्हिलच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी त्या काळच्या मध्य आघाडीपटूचे काम समजून घेणे आवश्यक आहे. फुटबॉलची जुनी व्यूहरचना दोन बचावपटू, तीन मध्यपटू व पाच आघाडीपटू अशी होती. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत चेंडू पुढे दिला जाण्याच्या क्षणी आघाडीपटू व प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असणे आवश्यक होते. ही संख्या दोनवर आणण्यात आली. त्यामुळे गोल करणे सुलभ झाले. त्यावर उपाय म्हणून मधल्या मध्यपटूला मागे खेचून दोन बचावपटूंच्या मध्ये उभे करण्याची पद्धत रूढ झाली. हा ‘स्टॉपर’ होय. त्याचे प्रमुख काम प्रतिपक्षाच्या मध्य आघाडीपटूला अडविणे हे असे. आघाडीचे दोन आतले खेळाडू मागे सरकल्याने मैदानावरील मांडणी इंग्रजी डब्ल्यू व एम या अक्षरांसारखी दिसू लागली.

या मांडणीत मध्य आघाडीपटू हा सर्वांत पुढे व बहुधा एकटा असे. संपूर्ण सामन्यात चेंडू त्याच्या पायाशी मोजक्या वेळाच येई आणि तोही पाठीशी स्टॉपर असताना. बगलांवरून आलेल्या चेंडूवर उडी घेऊन डोक्याने फटका मारणे, गोलखांबावरून वा गोलरक्षकाच्या हातून परत आलेल्या चेंडूवर इतरांआधी पोहोचणे, दोन बचावपटूंमधील फट हेरून वेळीच धाव घेणे आणि विचारास क्षणाचाही अवधी नसताना चेंडूला दिशा देणे ही कौशल्ये त्याच्या अंगी असावी लागत. अन्य खेळाडूंच्या चुका बहुधा भरून निघतात. मध्य आघाडीपटूने दवडलेली संधी मात्र सर्वांच्या लक्षात राहते. म्हणूनच या जागेवर खेळणाऱ्यास शरीरबळाइतकीच मनाची स्थिरता आवश्यक असते.

१९५३ मध्ये हंगेरीने वेम्ब्ली येथे इंग्लंडला ६–३ असे हरविले, तेव्हा या मांडणीस पहिला मोठा हादरा बसला. हंगेरीचा मध्य आघाडीपटू नांदोर हिदेगकुटी हा मुद्दाम मागे राहून खेळला व त्याला अडवावे की जागा धरून राहावे, या संभ्रमात इंग्लंडचा स्टॉपर सापडला. हिदेगकुटीने त्या सामन्यात तीन गोल केले. यूरोपातील अशा बदलांचा भारतात सर्वांत बारकाईने अभ्यास करणारे मार्गदर्शक म्हणजे रहीम. पेशाने ते शिक्षक होते. वैयक्तिक चेंडूनियंत्रणाच्या हौसेपेक्षा झटपट व अचूक चेंडू देणे, दोन्ही पायांनी खेळणे आणि जागा बदलत राहणे यांवर त्यांचा भर असे.

मेलबर्न ऑलिंपिक : हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये यूगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा दारुण पराभव केला होता. भारताचे अनेक खेळाडू त्या वेळी अनवाणी खेळले. थंड व ओल्या मैदानावर त्यांचा निभाव लागला नाही. त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नला गेलेला संघ या धड्यातून तयार झाला होता. संघाचा कर्णधार समर (बद्रू) बॅनर्जी हा होता. पी. के. बॅनर्जी, तुळसीदास बलराम, जे. किट्टू, निखिल नंदी, केंपय्या, अझीझुद्दीन, लतीफ, नूर मुहम्मद, पीटर थंगराज इ. खेळाडू संघात होते. मुंबईहून नेव्हिलबरोबर गोलरक्षक एस. एस. नारायण याची निवड झाली होती.

अनेक देशांनी माघार घेतल्यामुळे मेलबर्नच्या फुटबॉल स्पर्धेत केवळ अकरा संघ उरले. भारताची पहिली गाठ हंगेरीशी पडावयाची होती. हंगेरीत ऑक्टोबर १९५६ मध्ये उठाव झाला. त्यानंतर तिचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरला नाही व भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तेथे त्याच्यासमोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. ऑस्ट्रेलियाने आधीच्या फेरीत जपानला २–० असे हरविले होते.

हा सामना १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्क मैदानावर झाला. नवव्या मिनिटास नेव्हिलने भारताचा पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिलने दुसरा गोल केला व एक्केचाळिसाव्या मिनिटास मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरास २–२ अशी स्थिती होती. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी नेव्हिलने तिसरा गोल करून आपली हॅट्‌ट्रिक पूर्ण केली. ऐंशीव्या मिनिटास किट्टूने चौथा गोल केला आणि भारताने ४–२ असा विजय मिळविला. भारताने तीन वेळा आघाडी घेतली आणि तीनही वेळा ती नेव्हिलच्या गोलाने. या विजयाने ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश हा मान भारताला मिळाला. नेव्हिलचे वय त्या वेळी चोवीस वर्षांचे होते.

उपांत्य सामना ४ डिसेंबर रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर यूगोस्लाव्हियाशी झाला. हेलसिंकीतील पराभवाची आठवण ताजी असताना भारताने मध्यंतरापर्यंत प्रतिपक्षास एकही गोल करू दिला नाही. बावन्नाव्या मिनिटास नेव्हिलने गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. ही आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटास पापेत्स, सत्तावन्नाव्या मिनिटास व्हेसेलिनोव्हिच व पासष्टाव्या मिनिटास पुन्हा पापेत्स यांनी गोल केले. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटास भारताच्या सलामकडून स्वयंगोल झाला आणि सामना ४–१ असा यूगोस्लाव्हियाने जिंकला. कांस्यपदकासाठी ७ डिसेंबर रोजी झालेल्या सामन्यात बल्गेरियाने भारतास ३–० असे हरविले. नेव्हिलला गोल करता आला नाही असा त्या स्पर्धेतील हा एकमेव सामना होय. भारताने चौथे स्थान मिळविले. स्पर्धेतील भारताच्या पाच गोलांपैकी चार नेव्हिलचे होते. परतीपूर्वी १२ डिसेंबर रोजी सिडनी येथे झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियावर ७–१ अशी मात केली.

मेलबर्नमधील भारताच्या यशाबद्दल दोन मते आढळतात. हंगेरीची माघार, अल्प संघसंख्या व पश्चिम यूरोपातील व्यावसायिक खेळाडूंची अनुपस्थिती यांमुळे मार्ग सुकर झाला, असे एक मत आहे. ते सर्वस्वी नाकारता येत नाही. तथापि चार वर्षांपूर्वी ज्या प्रतिपक्षाने दहा गोल केले, त्याच्याविरुद्ध मध्यंतरानंतर आघाडी घेणे हे केवळ दैवाचे दान म्हणता येत नाही. भारतातील स्थानिक सामने त्या काळी सत्तर मिनिटांचे असत व आंतरराष्ट्रीय सामने नव्वद मिनिटांचे. अशा स्थितीत पूर्णवेळ सराव करणाऱ्या संघांसमोर भारतीय खेळाडूंनी दिलेली झुंज लक्षात घेण्याजोगी आहे.

हौशी व व्यावसायिक : ऑलिंपिक सामन्यांत त्या काळी केवळ हौशी खेळाडूंना प्रवेश असे. हौशी या शब्दाचा अर्थ मात्र देशोदेशी वेगळा होता. इंग्लंडसारख्या देशांत १८८५ पासून व्यावसायिक फुटबॉलला मान्यता होती. तेथील उत्तम खेळाडू व्यावसायिक असल्याने ऑलिंपिकमध्ये खेळू शकत नसत. परिणामतः मेलबर्नला गेलेला ग्रेट ब्रिटनचा हौशी संघ बल्गेरियाकडून ६–१ असा हरला. या व्यावसायिकांची मिळकतही फार मोठी नव्हती. इंग्लंडमध्ये खेळाडूच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. १९६१ मध्ये ती उठविण्यात आली, तेव्हा ती आठवड्यास २० पौंड होती.

पूर्व यूरोपातील समाजवादी देशांत खेळाडू सैन्यात, पोलीस दलात वा कारखान्यात नोकरीस असल्याची नोंद असे. प्रत्यक्षात त्यांचा सर्व वेळ खेळासाठी दिलेला असे. कागदोपत्री ते हौशी ठरत. मेलबर्नमधील तीनही पदके सोव्हिएट रशिया, यूगोस्लाव्हिया व बल्गेरिया या देशांना मिळाली, याचा या व्यवस्थेशी निकटचा संबंध आहे. भारतीय खेळाडू या दोहोंच्या मधे होता. त्याची नोकरी खरोखरीची होती व खेळ उरलेल्या वेळातला. व्यावसायिकाचे वेतन त्याला नव्हते आणि राज्यपुरस्कृत हौशी खेळाडूचा मोकळा वेळही नव्हता. नेव्हिलचे चार गोल हे अशा खेळाडूचे गोल आहेत. व्हेसेलिनोव्हिच व मिलानॉव्ह यांच्या बरोबरीने त्याचे नाव घेताना हा फरक ध्यानात ठेवणे इष्ट ठरते.

उत्तरकाल : मेलबर्ननंतर नेव्हिल मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळत राहिला. १९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. त्या यशात त्याचा वाटा होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या भारतीय संघात मात्र तो नव्हता. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही. १९६२ मध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. १९६३ मध्ये रहीम यांचे निधन झाले व भारतीय फुटबॉलचे एक पर्व संपले.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलसाठी पहिल्या वर्षी तो पी. के. बॅनर्जी यास व पुढच्या वर्षी बलराम यास मिळाला. नेव्हिलला हा पुरस्कार कधीही मिळाला नाही. पुरस्कार सुरू होण्यापूर्वीच त्याचा उमेदीचा काळ मागे पडला होता आणि आधीच्या पिढीच्या कामगिरीची दखल घेण्याची रीत तेव्हा रूढ झाली नव्हती. मेलबर्न संघाचा कर्णधार समर बॅनर्जी हाही २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत या सन्मानापासून वंचित राहिला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नेव्हिलचे निधन झाले. त्याने ज्या कंपनीच्या संघातून रोव्हर्स चषक जिंकला, ती कॅलटेक्स तत्पूर्वीच १९७६ मध्ये शासनाच्या ताब्यात येऊन १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली होती. संघ, कचेरी व नाव असे तीनही विलयास गेल्यावर खेळाडूच्या स्मृती जतन करणारी संस्थाच उरत नाही, हा संस्थाश्रित फुटबॉलचा एक दुष्परिणाम होय. कलकत्त्याच्या मंडळ-संघांनी आपल्या जुन्या खेळाडूंची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जागती ठेवली. मुंबईच्या खेळाडूंच्या वाट्यास ते भाग्य क्वचितच आले.

नंतरची स्थित्यंतरे : भारतात राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा १९९६ मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. करारावर ठराविक मुदतीसाठी वेतन घेऊन खेळणारा व्यावसायिक आघाडीपटू हा या बदलांनी घडविलेला खेळाडू आहे. गोव्यात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स इ. संघांनी हा बदल लवकर आत्मसात केला. साळगावकर संघाने १९९८–९९ ची राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली. गोव्याचा नामवंत आघाडीपटू ब्रूनो कुतिन्यो यास २००१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

मुंबईत याच काळात जुनी व्यवस्था ओसरत गेली. कापडगिरण्यांच्या पडत्या काळात त्यांचे संघ मागे पडले. रोव्हर्स चषक स्पर्धा २००१ नंतर बंद पडली. महिंद्र युनायटेडने २००५–०६ ची राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली. तरीही २०१० मध्ये तो संघ विसर्जित करण्यात आला. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी या व्यावसायिक संघाने २०२०–२१ व २०२३–२४ या मोसमांत इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळविले. मुंबईबाहेर कोल्हापुरात मात्र पेठांच्या व तालमींच्या नावाने खेळणाऱ्या संघांची परंपरा टिकून आहे. त्या शहरातील अनिकेत जाधव (जन्म १३ जुलै २०००) हा पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडा प्रबोधिनीत तयार होऊन २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून आघाडीवर खेळला. २०२१–२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबाद संघातही तो होता. शाळकरी वयात निवड, निवासी प्रशिक्षण व त्यानंतर करार, असा हा नवा मार्ग आहे.

नव्या मार्गात खेळाडूस पूर्णवेळ सराव, वैद्यकीय साहाय्य व नेव्हिलच्या पिढीच्या कल्पनेपलीकडील वेतन मिळते. मात्र दुखापत झाल्यास वा फॉर्म हरपल्यास करार संपतो व मागे कचेरीची नोकरी नसते. शिवाय मोठ्या संघांतील आघाडीच्या जागा बहुधा परदेशी खेळाडूंकडे जात असल्याने भारतीय आघाडीपटूस गोल करण्याच्या जागी खेळण्याची संधी कमी मिळते, अशी तक्रार जाणकार करीत आले आहेत. जुन्या व्यवस्थेने खेळाडूस निर्वाहाची हमी दिली पण वेळ दिला नाही. नव्या व्यवस्थेने वेळ दिला पण हमी काढून घेतली.

मूल्यमापन : ऑलिंपिकच्या एखाद्या फुटबॉल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत गणना झालेला नेव्हिल हा एकमेव भारतीय होय. १९६८ मध्ये जपानच्या कुनिशिगे कामामोतोने मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सात गोल करून आशियाई खेळाडूंतील त्याचा विक्रम मागे टाकला व जपानने त्या वेळी कांस्यपदक मिळविले. बारा वर्षांपूर्वी हाच जपान मेलबर्नमध्ये पहिल्याच फेरीत बाद झाला होता. जपानने त्यानंतर आपल्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाची व स्पर्धांची पुनर्रचना केली आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू केली. भारतात असे पाऊल एकतीस वर्षे उशिरा पडले. नेव्हिलचा पराक्रम अपवाद ठरला याचे कारण भारतात तसे गुणी खेळाडू नंतर निपजले नाहीत, हे नसून त्या गुणांना पूर्णवेळ जोपासणारी व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही, हे आहे.